डाळिंबांची भिंत

मिहीर आणि तन्वी, तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. सुट्टीत ज्या इंग्लिश खेड्यात राहिलात तिथलं ते चर्च: करड्या दगडाचं, बुटकं, तीव्र उताराच्या छपराचं, टोकदार खिडक्यांचं. फोटोमागे तन्वीने लिहिलंय, "आजी, असं काही तू कधी पाहिलं नसशील."

तन्वी, मी पाहिलंय. भायखळ्याला, दोन गिरण्यांच्या मध्ये. तुमच्या फोटोत चर्चमागे मेंढ्या चरताहेत. आमच्या चर्चमागे गिरणीची चिमणी होती, आणि तिचा धूर संध्याकाळी छपरावरच्या दगडी क्रुसाभोवती असा रेंगाळायचा की क्षणभर वाटे, हेच चर्च धुरात तरंगत कुठेतरी निघालं आहे.

ते चर्च आठवलं की मला सोनवणे बाई आठवतात, म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहिते. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते, पण त्या वास्तूची आठवण क्रमाने येत नाही. ती प्रकाशाच्या तुकड्यांनी येते.

एस्तेरबाई सोनवणे आमच्या गिरगावच्या शाळेत चित्रकला शिकवत. पांढरी सुती साडी, बारीक काठ, दोरीला बांधलेला चष्मा आणि बारा महिने छत्री. छत्री उन्हासाठीही नव्हती आणि पावसासाठीही नव्हती. तिच्या टोकाने त्या वस्तू दाखवत. रस्त्यात एखाद्या घराची खिडकी आवडली तर भर गर्दीत छत्री वर जायची आणि मागचा माणूस दचकून बाजूला व्हायचा. "घाई दिसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. चित्रावर बोट ठेवून म्हणत, "इथे तुला घरी जायचं होतं. घाई दिसते."

मी कॉलेजात गेले तरी चित्रासाठी त्यांच्याकडे जात राहिले. फणसवाडीतून ट्रामने भायखळ्याला. बाई चर्चच्या आवारातच दोन खोल्यांत राहत. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या मला थेट चर्चमध्ये घेऊन गेल्या आणि मागच्या बाकावर बसवलं.

मी मान वर करून पाहायला लागले तर म्हणाल्या, "बघू नकोस एवढ्यात. नुसती बस. आधी या जागेला तुझी सवय होऊ दे."

मी बसले. बाहेर उन्हाचा रखरखाट होता आणि आत संध्याकाळ होती. कुठून तरी जुन्या सागवानाचा आणि मेणाचा वास येत होता. हळूहळू अंधारातून वस्तू बाहेर आल्या. आधी जमिनीवरच्या तांबड्या-पिवळ्या नक्षीच्या फरश्या, इंग्लंडहून जहाजाने आणलेल्या, मधल्या वाटेवर पावलांनी पुसट झालेल्या. मग दारापाशी बाप्तिस्म्याचं आठ कोनांचं दगडी कुंड. मग वर, पार वर, छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या. उलट्या ठेवलेल्या होडीच्या पोटात बसल्यासारखं वाटत होतं. आणि सगळ्यात शेवटी, पूर्वेला, वेदीच्या वरच्या तीन उभ्या खिडक्या. त्यांच्या काचांमधून निळा आणि माणकासारखा लाल उजेड खाली येऊन फरशीवर पडला होता. ढग सरकला की तो विझायचा, मग पुन्हा उमटायचा.

"एका पाद्रीसाहेबाने बांधलं," बाई म्हणाल्या. "आपल्या गावच्या चर्चची आठवण काढून. कोकणातला माणूस इथे खोलीत गावच्या देवीची तसबीर लावतो ना, तसं. याच्याकडे दगड होता, म्हणून याने दगडात केलं." मग छत्री वर गेली. "छप्पर बघ कसं उभं आहे. बर्फ घसरून पडावा म्हणून. साहेबाने मुंबईत बर्फाची सोय केली. पावसाची केली नाही."

ते खरं होतं. छपराच्या सांध्यातून पाणी गळायचं. पावसाळ्यातल्या उपासनेला बाकांच्या मध्ये पितळी पातेली मांडलेली असत, आणि बाई म्हणत की कोणतं पातेलं कोणत्या सुरात वाजतं हे त्यांना पाठ आहे. उपदेश करण्याचं दगडी पीठ त्या उंच साहेबाच्या मापाचं होतं. आताचे मराठी पाळकसाहेब ठेंगणे. पहिल्या रविवारी मंडळीला, म्हणजे चर्चच्या माणसांना, त्यांचं फक्त कपाळ दिसलं. बाई उठल्या, घरातून जेवायचा पाट आणला आणि दगडी पायऱ्या चढून त्यांच्या पायांखाली सरकवला. तेव्हापासून तो पाट तिथेच राहिला. इंग्रज कुटुंबं मायदेशी गेली होती. त्यांनी मागे टाकलेली ती वास्तू आमच्या मराठी माणसांनी अशी पाट-पातेली लावून वापरायला काढली होती.

पण बाईंचा जीव होता वेदीमागच्या भिंतीत. ती भिंत जमिनीपासून खिडक्यांपर्यंत रंगवलेली होती. कापलेल्या कागदाचे छापे ठेवून ओळींवर ओळी काढलेल्या: वर निळ्यावर सोनेरी तारे, त्याखाली कमळासारखी विलायती फुलं, त्याखाली गव्हाच्या ओंब्या, आणि सगळ्यात खाली डाळिंबं. फुटलेली, दाणे दिसणारी डाळिंबं. पाद्रीसाहेबाच्या बहिणीने हे काम मिशनच्या अनाथ मुलींकडून करून घेतलं होतं. दुष्काळात नगरकडून आणलेल्या मुली. मडमेने वरच्या ओळी स्वतः काढल्या. मुलींचा हात खालपर्यंतच पोचे, म्हणून डाळिंबं मुलींची. त्या मुलींत एक बाईंची आजी होती.

"मडमेची फुलं बघ, सगळी सारखी," बाई सांगत. "आणि ही डाळिंबं बघ. हे अर्धवट पिकलंय. हे किडलंय. हिला ठाऊक होतं डाळिंब कसं असतं."

त्या भिंतीजवळ गेल्या की हाताची उलटी बाजू तिला लावून पाहत, लेकराचा ताप पाहावा तशी. "आज ओल आहे हिला," म्हणत. आजीच्या हातचं दुसरं काहीही बाईंकडे नव्हतं. एक फोटोसुद्धा नाही.

आणि ती भिंत जात होती. पावसाने रंगाचे पापुद्रे सुटत होते. चर्चच्या पंचांमध्ये आढाव नावाचे गृहस्थ होते, पोस्टातून निवृत्त झालेले, टोपी सरळ, बोलणं त्याहून सरळ. त्यांना कुणीतरी पिवळट ऑईल पेंटचे डबे फुकट देऊ केले होते.

"बाई, किती वर्षं हे पापुद्रे झाडायचे?" ते म्हणाले. "एकदा ऑईल पेंट मारला की फडक्याने पुसता येईल. दवाखान्यात कसं स्वच्छ असतं."

"आढाव, देवाला काय गोवर आलाय, दवाखान्यात ठेवायला?"

"थट्टा सोडा. मंडळीला विचारलंय मी. सगळ्यांना चालतंय."

"मला ईस्टरपर्यंत मुदत द्या. सगळी भिंत मी पुन्हा काढते. नाही झाली, तर आणा तुमचे डबे."

आढावांनी भिंतीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "ईस्टर म्हणजे ईस्टर हं. मग रडायचं नाही."

पावसाळा सरल्यावर आवारात बांबू आले आणि वेदीमागे परांची उभी राहिली. छापे कापायला बाईंना टिकाऊ कागद हवा होता. शेजारची एक परिचारिका परळहून इस्पितळातल्या टाकाऊ एक्स-रे फिल्म आणून द्यायची. बाई त्यावर डाळिंब गिरवत आणि ब्लेडने कापत. कधी फिल्म उजेडात धरली की कुणा अनोळखी माणसाच्या फासळ्या दिसायच्या आणि त्यांच्या मधोमध, काळजाच्या जागी, डाळिंबाच्या आकाराचं भोक. मी एकदा शहारले. बाई म्हणाल्या, "घाबरतेस काय? बरा होऊन घरी गेला असेल तो."

रंग जुन्या पद्धतीचा: भुकटी, पाणी आणि सरस. तो दिसायला मऊ, मखमलीसारखा, पण ओला असताना धक्का लागला की पुसला जाणारा. बाई वरून खाली येत होत्या. तारे झाले, फुलं झाली, ओंब्या झाल्या. शेवटी जुनी डाळिंबं खरवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बाहेर पाठवलं. आत आले तेव्हा भिंतीचा खालचा भाग कोरा होता आणि बाई प्रत्येक डाळिंबाचा नीट काढून घेतलेला छापा ओळीने मांडत होत्या. किडलेलं कुठे, अर्धं पिकलेलं कुठे, सगळं जागच्या जागी.

त्या दिवसांत बाहेर शहर पेटलेलं होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावर घराघरात एकच बोलणं. संप, मोर्चे, गोळीबार, तुम्ही पुस्तकांत वाचाल. बाई त्यावर फारसं बोलत नसत. मला तेव्हा वाटायचं, त्यांना त्या तीन खिडक्यांतून येणाऱ्या उजेडापलीकडे जगच नाही.

एका सकाळी ट्राम चालू होत्या म्हणून मी गेले. डाळिंबांची ओळ आदल्या संध्याकाळी सुरू झाली होती आणि दुपारी बाईंनी शेवटचं डाळिंब भरलं. भिंतीला ओल असल्याने रंग सुकत नव्हता; सगळी ओळ ओली, चमकत होती. बाई मागे सरकून एक डोळा मिटून पाहत होत्या. तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मग फटफट आवाज झाले. मग पळणारी पावलं. दाराशी पांढरा धूर आला आणि माझ्या डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं.

धुरातून माणसं आवारात घुसली. गिरणीतली माणसं, काही भाजीवाल्या बाया. ती धावत दारापुढच्या देवडीपर्यंत आली आणि तिथे थांबली. मागे अश्रुधूर, शिट्ट्या, आणि ही माणसं वाकून वहाणा काढताहेत!

"अहो, घालून या! आधी आत या!" बाई ओरडल्या.

"नाय बाय, देवाचं ठिकाण हाय," एकजण खोकत म्हणाला.

"माझी एकच ऱ्हवली," दुसरा म्हणाला, "ती तरी काढूक होयी."

बाकं भरली. मधली वाट भरली. दाराकडून धूर आत येत होता, एक बाई ओकायला लागली. वेदीकडची हवा तेवढी स्वच्छ होती. सोनवणे बाई पुढे गेल्या आणि वेदीसमोरचा लाकडी कठडा उघडला. तिथे पाळकसाहेबांशिवाय कुणी जात नसे.

"आत या. इकडे बसा. भिंतीला टेका, म्हणजे आणखी माणसं मावतील."

मी त्यांचा हात धरला. "बाई, रंग ओला आहे."

"मला माहीत आहे कुमुद. मीच लावलाय."

माणसं बसली. एक हडकुळा माणूस टेकता टेकता थबकला. मागे वळून भिंतीकडे पाहत म्हणाला, "बाय, तुमची भित खराब व्हईल."

"होऊ दे. बस तू. पाय जवळ घे."

आवारात काही कामाने आलेले आढाव फाटक लावायला धावले होते. ते परत आले ते पोलिस अधिकाऱ्याला घेऊनच. अधिकारी देवडीत उभा राहिला. समोर वहाणांचा ढीग, दाराच्या उंबऱ्यापर्यंत.

"आत कोण आहे?"

"उपासना चालू आहे," आढाव म्हणाले.

"आज? भर दुपारी?"

आतून बाईंचं गाणं सुरू झालं. मराठी ख्रिस्ती गीतं अभंगाच्या चालीवर असतात, तसलंच एक. पहिली ओळ बाईंनी एकटीने म्हटली. दुसऱ्या वेळी चार माणसांनी उचलली. तिसऱ्या वेळी सगळ्या चर्चने. शब्द नवे होते, पण चाल त्यांच्या वाडीतलीच होती. टाळ्यांचा ठेका लागला आणि वरची ती लाकडी होडी घुमायला लागली.

"हे मोर्चातले लोक आहेत," अधिकारी म्हणाला.

आढाव आयुष्यात खोटं बोलले नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ढिगाकडे बोट दाखवलं. "साहेब, दंगा करून पळणारा माणूस वहाणा काढून ठेवेल का? तुम्हीच सांगा."

अधिकाऱ्याने वहाणांकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे, त्यांच्या लांबलचक नाड्यांकडे. त्याचेही डोळे धुराने वाहत होते. थोडा वेळ तो तसाच गाणं ऐकत उभा राहिला. मग त्याने आढावांकडे पाणी मागितलं, डोळ्यांवर मारलं, आणि निघून गेला.

उन्हं उतरल्यावर माणसं एकेक करून उठली. बाई दाराशी उभ्या राहून प्रत्येकाला ख्रिस्ती रीतीने "सलाम" म्हणत होत्या. अंगणातून जाणाऱ्या पाठी मी पाहत होते: सदऱ्यांवर तांबडे-हिरवे डाग, कुठे दाणे, कुठे अर्धं पान. फळबाग उठून रस्त्याने चालू लागली होती.

आत आलो. भिंतीवर डाळिंबं नव्हती. पाठींच्या रुंदीचे ढग होते, एकाला एक लागून, तांबूस, मध्ये पुसट. बाईंनी हाताची उलटी बाजू भिंतीला लावली. मग बाकावर बसल्या. चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या, तो स्वच्छ झाल्यावरही.

पुढच्या रविवारी आसपासच्या चाळीतली ती माणसं आली, बदललेल्या वहाणा शोधायला. कुणाचा डावा पाय कुणाकडे गेला होता. मग ती आत डोकावली आणि एकमेकांना दाखवू लागली.

"ही माझी पाठ."

"गप रे, तुझी येवढी रुंद? ही माझी."

एकाने पाठ लावून मापसुद्धा घेऊन पाहिलं. मंडळीतली मुलं हसली, म्हाताऱ्या पुढे आल्या, कुणीतरी चहा मांडला. त्यानंतर ऑईल पेंटचं नाव कुणी काढेना. आढावांनीच येऊन सांगितलं, "डबे परत पाठवतो. मुदतीचंही राहू दे. मात्र बाई, त्या खालच्या ओळीला हात लावायचा नाही असं मंडळी म्हणते."

बाई भडकल्या. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आढाव, ती चूक आहे! भिंतीवरची घाण आहे ती. वर मी तारे काढले, ओंब्या काढल्या, त्यांच्याकडे एक माणूस बघत नाही. सगळे पाठी बघतात! माझ्या आजीची ओळ होती ती. छापे आहेत माझ्याकडे. मी पुसणार आणि पुन्हा काढणार."

"तुमचे छापे, तुमचा हात. मी कोण अडवणार?" आढाव म्हणाले आणि टोपी सरळ करत निघून गेले.

बाईंनी पाण्याची बादली आणली. स्पंज भिजवला. मी छापे हातात घेऊन उभी. तेवढ्यात देवडीत एक तरुण बाई आली, कडेवर मूल. तिच्याबरोबर चाळीतली एक म्हातारी होती. म्हातारी हळूच म्हणाली, "हिचा नवरा इथे बसला हुता त्या दिशी. मागच्या आठवड्यात गेला तो. दुसऱ्या मोर्चात गोळी लागली. हिला बघायचंय, कुठे बसला हुता."

तरुण बाई भिंतीकडे पाहत होती आणि तिला त्या ढगांतून काही कळत नव्हतं.

"कसा होता गं?" बाईंनी विचारलं.

"बारीक," ती म्हणाली. "उंच, नि बारीक. लय जपून बसायचा कुठं बी."

बाईंनी स्पंज बादलीत सोडला. छत्री घेतली नाही. तिचा हात धरून कठड्याच्या आत नेलं आणि एका अरुंद डागापाशी उभं केलं. त्या डागाच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाचे थोडे दाणे शिल्लक होते. तो माणूस खरोखरच अंग चोरून बसला होता.

"इथे," बाई म्हणाल्या. "मला म्हणाला, बाय, तुमची भित खराब होईल."

तिने मूल खाली ठेवलं आणि तळवा भिंतीवर टेकला. खूप वेळ. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, काचांतला लाल उजेड फरशीवरून सरकत त्या मुलापर्यंत आला, आणि ते त्याला पकडायला लागलं.

त्या गेल्यावर बाईंनी बादली अंगणातल्या झाडाला ओतली. मी छापे ओळीने लावून त्यांच्या पेटीत ठेवले.

पुढे माझं कॉलेज संपलं, नोकरी लागली, जाणं विरळ झालं. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास माझं लग्न ठरलं आणि मी आमंत्रण द्यायला गेले. दुपार होती. चर्चचं दार उघडं, आत कुणी नाही असं वाटलं. मग वेदीकडून खोकल्याचा आवाज आला. बाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, भिंतीच्या अगदी पायाशी. केस पार पांढरे झाले होते. शेजारी गेरूची वाटी आणि गवंडी वापरतात तसली सुताची दोरी.

मी आमंत्रण पुढे केलं. त्यांनी ते न उघडता मांडीवर ठेवलं. "कुमुद, बरी आलीस. हे टोक धर. घट्ट. पाठींच्या खाली धर, कुणाला लागू देऊ नकोस."

मी भिंतीच्या एका टोकाला बसले, त्या दुसऱ्या. गेरूत भिजलेली दोरी आमच्यामध्ये ताणली गेली, सगळ्या डागांच्या खालून, रुंदांच्या, अरुंदांच्या. बाईंनी ती चिमटीत धरून मागे ओढली आणि सोडली. टण्णकन् आवाज झाला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तांबडी रेघ उमटली. सगळी माणसं तिच्यावर ओळीने बसली.

बाई गाल जवळजवळ फरशीला टेकून, एक डोळा मिटून, त्या रेघेच्या बाजूने पाहत राहिल्या.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या, आणि रेघ भरायला कुंचला उचलला.